रस्ता सगळ्यांचा, कार्ड कुणाचं?

दादरच्या फूलबाजारात पहाटे पाच वाजता कॅमेरा घेऊन उभं राहिलं की पहिल्या अर्ध्या तासात एक प्रश्न हमखास येतो. झेंडूच्या ढिगाआडून एखाद्या मावशी मान वर करून विचारतात, "कुठल्या पेपरात येणार रे हा फोटो?" "पेपरात नाही मावशी, मी असाच काढतो," असं म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावरच्या कुतूहलाची जागा शंका घेते. असाच म्हणजे कसा? हा पेपरवाला नाही, सरकारी माणूस नाही, लग्नाचे फोटो काढणाराही नाही. मग आपला फोटो नेऊन हा करणार काय? थोड्या वेळाने गस्तीवरचा हवालदार येतो. त्याचा प्रश्न आणखी आटोपशीर असतो : "कार्ड आहे का?"

स्ट्रीट फोटोग्राफी करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे दोन प्रश्न येतात. हवालदार अधिकाराबद्दल विचारतो, मावशी हेतूबद्दल. गळ्यात एखादं प्रेस कार्ड असतं तर दोघांचंही समाधान झालं असतं, असं नवशिक्या फोटोग्राफरला मनापासून वाटतं. म्हणून तो असं कार्ड कुठे मिळेल याची चौकशी करू लागतो. त्या चौकशीत पैसे आणि वेळ घालवण्याआधी हे कार्ड म्हणजे नेमकं काय, ते कोण देतं आणि त्याने काय साधतं, हे समजून घेतलेलं बरं.

चार कागद, चार कामं

'प्रेस कार्ड' हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्याच्या पोटात वेगवेगळे कागद असतात.

पहिलं साधं ओळखपत्र : आधार, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट. तुम्ही कोण आणि राहता कुठे, एवढंच ते सांगतं. रस्त्यावरच्या चौकशीत बहुतेक वेळा खरी गरज याचीच असते.

दुसरं संस्थेचं ओळखपत्र. वर्तमानपत्र, वृत्तवाहिनी, नियतकालिक किंवा वृत्तसंस्था आपल्या माणसाला हे देते. हा माणूस आमच्यासाठी काम करतो, त्याच्या कामाची जबाबदारी आमची, एवढा त्याचा अर्थ. त्यामागे सरकारचा शिक्का नसतो, संस्थेची पत असते. संपादकाने एखाद्या मुक्त छायाचित्रकाराला विशिष्ट कामासाठी दिलेलं पत्रही याच जातीचं.

तिसरी अधिस्वीकृती. इथे सरकार आपल्या कारभाराच्या वार्तांकनासाठी पत्रकाराला मान्यता देतं. केंद्रात हे काम पत्र सूचना कार्यालय, म्हणजे पीआयबी करतं. महाराष्ट्रात ते माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडे आहे. 'अधिस्वीकृतीधारक पत्रकार' हे शब्द आपण ऐकतो ते या कार्डामुळे. सरकारी कार्यालयांतला प्रवेश, पत्रकार परिषदा, एसटी प्रवासातली सवलत अशा सोयी त्याला जोडलेल्या असतात.

चौथा पास. क्रिकेटचा सामना, मंत्र्यांची सभा, मोठ्या मंडळाचं विसर्जन, चित्रपट महोत्सव. अशा ठिकाणी आयोजक किंवा पोलिस त्या दिवसापुरता, त्या जागेपुरता पास देतात. दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग नसतो.

या चारही कागदांत 'रस्त्यावर फोटो काढण्याचा परवाना' असा कागद नाही. भारतात पत्रकार होण्यासाठी कुठल्याही सरकारी यादीत नाव नोंदवावं लागत नाही. १८६७ चा जुना छापखाने आणि पुस्तक नोंदणी कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा आला, पण नोंदणी होते ती नियतकालिकाची, माणसाची नव्हे. त्यामुळे "आमची संस्था सरकारमान्य आहे, इतके हजार भरा, प्रेस कार्ड घरपोच" असं कुणी सांगू लागलं तर तो प्लॅस्टिकचा तुकडा विकत आहे, असंच समजावं. मोटारसायकलच्या नंबर प्लेटवर 'प्रेस' लिहिल्यानेही मोटार वाहन कायद्यातली कुठलीच सूट मिळत नाही.

हक्क येतो कुठून?

संविधान सभेत मूलभूत हक्कांची चर्चा चालू असताना काही सदस्यांनी विचारलं होतं की मसुद्यात वृत्तपत्रस्वातंत्र्याचा वेगळा उल्लेख का नाही? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २ डिसेंबर १९४८ रोजी त्याला उत्तर दिलं. वृत्तपत्र हे नागरिकाचंच दुसरं नाव आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. सामान्य नागरिकाला नाही असा कुठलाही खास हक्क वृत्तपत्राला नाही. संपादक लिहितो तेव्हा तो नागरिक म्हणून आपला अभिव्यक्तीचा हक्क बजावत असतो, म्हणून वेगळ्या कलमाची गरज नाही.

हे उत्तर फोटोग्राफरने नीट समजून घ्यावं असं आहे. त्याचा अर्थ एका बाजूने असा की पत्रकार नागरिकापेक्षा वरचढ नाही. दुसऱ्या बाजूने असा की नागरिक पत्रकारापेक्षा कमी नाही. दैनिकाचा फोटोग्राफर आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन निघालेला बँकेतला कारकून, दोघेही भर बाजारात उभे राहतात ते संविधानाच्या कलम १९ (१) (क) च्या आधाराने. त्या हक्कावर कलम १९ (२) मधली वाजवी बंधनं आहेत आणि तीही दोघांना सारखीच लागू आहेत.

पुढे न्यायालयांनी हाच धागा पकडला, आणि त्यातला एक महत्त्वाचा खटला पुण्याच्या 'सकाळ'चा आहे. वर्तमानपत्राच्या किमतीनुसार त्याची पानं किती असावीत हे ठरवणारा आदेश केंद्र सरकारने १९६० मध्ये काढला. 'सकाळ'ने त्याला आव्हान दिलं आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. वृत्तपत्राचं स्वातंत्र्य नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच सामावलेलं आहे, आणि किती लोकांपर्यंत पोचायचं हाही त्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने मानलं. एका मराठी दैनिकाने लढलेली ही लढाई आजही कायद्याच्या वर्गांत शिकवली जाते.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं तेव्हा त्यांच्याकडे कुणी दिलेलं कार्ड नव्हतं. समाजाला आपला चेहरा दिसावा ही ओढ होती. स्ट्रीट फोटोग्राफर जे करतो त्याला 'दर्पण' याहून चपखल शब्द सापडणं कठीण.

कार्ड मिळवण्याची वाट

मग कार्ड मिळतं कुणाला? केंद्र सरकारची अधिस्वीकृतीची सध्याची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ ची आहेत. पूर्णवेळ पत्रकार किंवा कॅमेरामन म्हणून किमान ५ वर्षांचा अनुभव ही त्यातली मूळ अट. मुक्त पत्रकारासाठी हीच अट १५ वर्षांची आहे. कार्डधारकाने आपल्या व्हिजिटिंग कार्डावर किंवा समाजमाध्यमांवर 'भारत सरकारची अधिस्वीकृती' असं मिरवू नये, असंही त्यात म्हटलं आहे. देशाची सुरक्षा, सभ्यता, बदनामी अशा कारणांवरून ही अधिस्वीकृती काढूनही घेता येते. म्हणजे ज्याच्यावर बातमी करायची, कार्डही त्याच्याच हातात. पत्रकार संघटनांनी यावर आक्षेप घेतले ते याच कारणाने.

महाराष्ट्रात राज्य आणि विभागीय पातळीवर अधिस्वीकृती समित्या आहेत. त्यांच्यापुढे अर्ज जातो तो संस्थेचं पत्र, अनुभवाचा दाखला, प्रसिद्ध झालेल्या कामाची कात्रणं असा ऐवज घेऊन.

फ्रान्समध्ये ही वाट वेगळी आहे. तिथे १९३५ च्या कायद्याने पत्रकाराच्या व्यवसायाला मान्यता दिली आणि कार्ड देण्याचं काम सरकारी खात्याकडे न ठेवता पत्रकार आणि मालक यांच्या प्रतिनिधींच्या संयुक्त आयोगाकडे सोपवलं. अर्जदाराचं मुख्य उत्पन्न पत्रकारितेतून यायला हवं, ही तिथली कसोटी. न्यूयॉर्क शहरात कित्येक दशकं पोलिस खातंच प्रेस कार्ड देत असे. ज्यांच्या वागण्याचे फोटो काढायचे त्यांच्याकडेच कार्ड मागायला जायचं, ही तिथल्या छायाचित्रकारांची जुनी तक्रार होती. अखेर २०२१ मध्ये शहराच्या कौन्सिलने कायदा बदलला आणि २०२२ पासून हे काम महापौरांच्या माध्यमविषयक कार्यालयाकडे गेलं. तिथे मागच्या २४ महिन्यांतल्या प्रत्यक्ष वार्तांकनाचे ६ नमुने द्यावे लागतात. नोकरी कुठे आहे यापेक्षा काम काय केलं आहे याला त्यात वजन आहे, म्हणून मुक्त छायाचित्रकाराला ही पद्धत सोयीची.

या सगळ्या कसोट्यांना स्ट्रीट फोटोग्राफर सहसा उतरत नाही, आणि त्यात त्याचा कमीपणाही नाही. बातमीचा फोटो आजचा असतो. उद्याच्या अंकात तो छापून येतो, खाली 'छाया :' म्हणून नाव येतं आणि कात्रण तयार होतं. रस्त्यावरचा फोटो दहा वर्षं हार्ड डिस्कमध्ये पडून राहतो आणि एके दिवशी लक्षात येतं की त्यात दिसणारी इराण्याची टपरी, जुनी दुमजली बस, गिरणीचं धुराडं यातलं काहीच आता उरलेलं नाही. अशा कामाला कात्रण नसतं. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने वृत्तछायाचित्रकाराला पत्रकाराच्या व्याख्येत मानाने घेतलं. रस्त्याची नोंद ठेवणाऱ्याला अशी व्याख्या मिळालेली नाही.

कार्डाविना झालेलं काम

शिकागोत २००७ मध्ये एका गोदामातल्या थकलेल्या भाड्यापोटी काही खोकी लिलावात निघाली. त्यांत निगेटिव्ह होत्या. त्या काढणारी व्हिव्हियन मायर ही मुलं सांभाळणारी दाई होती. गळ्यात रोलायफ्लेक्स कॅमेरा अडकवून ती सांभाळायच्या मुलांनाच घेऊन शहरभर फिरत असे. एक लाखाहून जास्त निगेटिव्ह तिने मागे ठेवल्या. त्यातलं जवळपास काहीच तिने हयातीत प्रसिद्ध केलं नाही. २००९ मध्ये ती वारली तेव्हाही जग तिला ओळखत नव्हतं. विसाव्या शतकातल्या अमेरिकी रस्त्याची फार मोलाची नोंद आज तिच्या नावावर आहे, आणि तिच्याकडे दाखवायला एकही कात्रण नव्हतं.

विजी या टोपणनावाने ओळखला जाणारा आर्थर फेलिग तिच्या अगदी उलट. तो मुक्त छायाचित्रकार होता, पण पोलिसांशी त्याचं सख्य. न्यूयॉर्कच्या पोलिस मुख्यालयाजवळच्या खोलीत तो राहायचा. १९३८ मध्ये त्याला आपल्या गाडीत पोलिसांच्या लहरी पकडणारा रेडिओ बसवण्याची परवानगी मिळाली. त्यामुळे रात्रीच्या गुन्ह्याच्या, आगीच्या जागी तो सर्वांआधी पोचायचा. परवानगीने त्याला वेग दिला. तिथे पोचल्यावर प्रेताकडे पाठ करून बघ्यांच्या चेहऱ्यांकडे कॅमेरा वळवायचं त्याला सुचलं, ते मात्र त्याच्या नजरेचं देणं.

आपल्याकडे होमाई व्यारावाला यांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापून येत. ओळख ज्याच्या नावाने मिळते आणि काम ज्याच्या हातून होतं, ते दोघे नेहमी एकच असतात असं नाही, हे त्यांनी सोसलं. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

कार्ड दाखवूनही

कार्डाच्या मर्यादेची दुसरी बाजू जास्त अस्वस्थ करणारी आहे. सप्टेंबर २००३ मध्ये लंडनच्या एक्सेल केंद्रात शस्त्रांचं प्रदर्शन भरलं होतं आणि बाहेर निदर्शनं चालू होती. पेनी क्विंटन ही पत्रकार त्यांचं चित्रीकरण करायला गेली. अंगात फोटोग्राफरचं जाकीट, हातात कॅमेरा. पोलिसांनी तिला अडवलं. तिने प्रेस कार्ड दाखवलं, तरीही तिची झडती झाली आणि चित्रीकरण थांबवायला सांगण्यात आलं. दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम ४४ खाली पोलिसांना तेव्हा कसल्याही संशयाशिवाय झडती घेता येत होती. खटला युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला. १२ जानेवारी २०१० रोजी न्यायालयाने सांगितलं की इतका मोकळा अधिकार कायद्याच्या कसोटीला उतरत नाही आणि त्याने खासगी आयुष्याचा हक्क मोडतो. त्याच महिन्यात लंडनच्या ट्रफाल्गर चौकात शेकडो छायाचित्रकार जमले होते. 'मी छायाचित्रकार आहे, दहशतवादी नाही' ही त्यांची घोषणा होती. त्यांत कार्डवाले होते आणि बिनकार्डाचेही. लंडनचे महानगर पोलिस आज आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगतात की सार्वजनिक जागी फोटो काढायला परवान्याची गरज नाही.

काश्मीरचा तरुण मुक्त छायाचित्रकार कामरान युसूफ याला सप्टेंबर २०१७ मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेने अटक केली. तो खरा पत्रकार नाही, असं दाखवण्यासाठी तपास संस्थेने न्यायालयापुढे युक्तिवाद केला की त्याने रुग्णालयाची, शाळेची, पुलाची उद्घाटनं असं विकासाचं वार्तांकन कधी केलेलं नाही. मार्च २०१८ मध्ये त्याला जामीन मिळाला आणि मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने त्याला आरोपमुक्त केलं. पत्रकार कोण, हे सरकारने ठरवायचं म्हटलं की फोटो कशाचे काढायचे हेही तेच ठरवू लागतं. मधली साडेचार वर्षं मात्र त्या तरुणाला कुणी परत देऊ शकत नाही.

तरीही कार्डाचं मोल

याचा अर्थ प्रेस कार्ड निरर्थक आहे असा मुळीच नाही. रस्ता सगळ्यांना खुला असला तरी त्यावर काही वेळा बॅरिकेड लागतात. आगीची जागा, दंगलीनंतरचा भाग, मोर्चाच्या पुढचा मोकळा पट्टा. तिथे पोलिसांना झटपट ठरवावं लागतं की कुणाला आत सोडायचं. अशा क्षणी संस्थेचं कार्ड किंवा अधिस्वीकृती काम करते, आणि करायलाच हवी. बातमीदाराला तिथे पोचता आलं नाही तर बाकीच्या समाजाला काहीच दिसणार नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला तेव्हा समोरच्या वर्तमानपत्राच्या कचेरीतून सेबॅस्टियन डिसूझा कॅमेरा आणि दोन लेन्स घेऊन धावत गेले. अजमल कसाबचं जे छायाचित्र जगभर पोचलं ते त्यांनी काढलं. श्रीराम वेर्णेकर यांनीही त्या रात्री जिवावर उदार होऊन फोटो घेतले. दोघांनी न्यायालयात साक्ष दिली. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या दोघांची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि त्याच निकालात वाहिन्यांनी सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखवल्याबद्दल कठोर शब्द वापरले. कार्डं दोन्हीकडे होती. न्यायालयाने तोललं ते प्रत्येकाचं वागणं.

पत्रकारांवरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये खास कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१९ मध्ये अस्तित्वात आला. माध्यमकर्मीवर कामाच्या वेळी हल्ला झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. पण त्याचं संरक्षण माध्यमसंस्थेशी नोकरीने किंवा कराराने जोडलेल्यांना आहे. स्वतःच्या ओढीने रस्त्यावर उतरलेल्या छायाचित्रकाराला मार बसला तर त्याच्यासाठी नेहमीचाच फौजदारी कायदा. म्हणून जो नियमितपणे मोर्चे, आंदोलनं टिपतो त्याने एखाद्या नियतकालिकाशी लेखी संबंध जोडून घ्यावा. वर्षातून चार-सहा फोटो तिथे छापून येत असतील तर ते पत्र आणि ती कात्रणं उद्या अडचणीत सोबतीला उभी राहतील.

थांबायच्या जागा

हक्क समजला की त्याच्या कडाही समजून घ्याव्या लागतात. संरक्षण खात्याच्या जागा आणि सरकारने निषिद्ध जाहीर केलेली ठिकाणं यांना १९२३ चा शासकीय गोपनीयता कायदा लागू होतो. तिथे फलक असो-नसो, कॅमेरा बंद ठेवावा. मात्र या कायद्याचं नाव वाटेल तिथे पुढे केलं जाऊ नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये वर्ध्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की या कायद्याच्या व्याख्येत पोलिस ठाणं निषिद्ध ठिकाण म्हणून येत नाही, त्यामुळे तिथलं चित्रीकरण या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही.

मॉल, रेल्वेचा फलाट, मंदिराचा गाभारा, मेट्रो ही ठिकाणं लोकांनी गजबजलेली असली तरी त्यांचे आपापले नियम असतात. स्त्रीच्या खासगी क्षणाचं चोरून चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गंभीर गुन्हा आहे. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची, तसंच बाल न्याय कायद्याखालच्या प्रकरणांतल्या मुलांची ओळख उघड करता येत नाही. या बंधनांपुढे सर्वात वरच्या दर्जाची अधिस्वीकृतीही चालत नाही, आणि चालू नये.

त्याही पुढची कड खासगीपणाची. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, हे त्यात म्हटलं आहे. अमेरिकेत कल वेगळा आहे. छायाचित्रकार फिलिप-लॉर्का डिकॉर्सिया यांनी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये अनोळखी माणसांचे चेहरे टिपले होते. त्यातल्या एका वृद्धाने धार्मिक कारणावरून आक्षेप घेतला, पण २००६ मध्ये तिथल्या न्यायालयाने कलेच्या अभिव्यक्तीला झुकतं माप दिलं. आपल्या न्यायालयांपुढे नेमका असा प्रश्न येईल तेव्हा तराजू कुठे झुकेल ते तेव्हा ठरेल. तोवर फूटपाथवर झोपलेला माणूस, रडणारी आई, आंघोळ करणारा हमाल यांच्याकडे कॅमेरा रोखताना प्रत्येकाने स्वतःला विचारावं : माझ्या घरचं माणूस या जागी असतं तर?

पिशवीत काय असावं?

आता व्यवहाराचं. एक सरकारी ओळखपत्र जवळ असावं; आधार दाखवायचं असेल तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत पुरते. नाव आणि फोन नंबर छापलेली साधी व्हिजिटिंग कार्डं असावीत. त्यावर 'प्रेस' लिहू नये, 'छायाचित्रकार' लिहावं. तेवढं खरं आहे आणि तेवढं पुरेसं आहे. एखाद्या संपादकाने, संग्रहालयाने किंवा महाविद्यालयाने काम दिलं असेल तर कामाचं स्वरूप, तारीख आणि संपर्क असलेलं पत्र सोबत ठेवावं. मोबाइलमध्ये आपल्या कामातले वीस-पंचवीस फोटो वेगळे काढून ठेवावेत. "तू करतोस काय?" या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर नाही.

पोलिसाने हटकलं तर आधी कॅमेरा खाली घ्यावा. "नमस्कार साहेब" म्हणून नाव सांगावं, ओळखपत्र दाखवावं, काय टिपतो आहे ते दोन वाक्यांत सांगावं. बंदोबस्त चालू असेल, जमावबंदी असेल, तर सांगितलेल्या जागी सरकावं. गर्दी आवरणाऱ्या माणसाशी कायद्याचा वाद घालायची ती वेळ नसते. कॅमेरा किंवा त्यातलं मेमरी कार्ड ताब्यात घ्यायची भाषा झाली तर शांतपणे विचारावं की कुठल्या गुन्ह्यासाठी, आणि जप्तीचा पंचनामा मागावा. गुन्ह्याशी संबंधित वस्तू ताब्यात घ्यायचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलिसांना आहे. त्या कलमात जागेवरच फोटो डिलीट करायला लावण्याचा अधिकार नाही. अधिकाऱ्याच्या छातीवरचं नाव लक्षात ठेवावं आणि घरी आल्यावर तारीख-वेळेसह सगळं लिहून ठेवावं.

अनोळखी माणूस रागावला तर मात्र कायदा बाजूलाच ठेवावा. त्याला फोटो दाखवावा, नको म्हणाला तर त्याच्यासमोर काढून टाकावा. पोलिसापुढे आपण नागरिक म्हणून उभे असतो आणि या माणसापुढे पाहुणे म्हणून. पाहुण्याने हक्क सांगायचा नसतो.

मागच्या बाजूचं नाव

गेली काही वर्षं मी एक रीत पाळतो. बाजारात काढलेल्या फोटोंच्या पोस्टकार्डाएवढ्या प्रती छापून घेतो आणि पुढच्या फेरीत ज्याच्या त्याला नेऊन देतो. प्रत्येक प्रतीच्या मागे माझं नाव, फोन नंबर आणि फोटो काढल्याची तारीख पेनाने लिहिलेली असते. खर्च चहाभजीएवढा. झेंडूवाल्या मावशींना त्यांचा फोटो दिला तेव्हा त्यांनी तो आधी कपाळाला लावला, मग उलटा करून मागचा मजकूर शेजारच्या पोराकडून वाचून घेतला आणि सुट्ट्या पैशांच्या डब्यात जपून ठेवला.

आपली ओळख आपण नेहमी वरच्याला दाखवत आलो : पोलिसाला, पहारेकऱ्याला, साहेबाला. जिचा चेहरा आपण घेऊन जातो, तिला ती मागण्याची सोयच नसते. आता त्या मावशींच्या डब्यात माझं नाव आहे. उद्या तो फोटो कुठे चुकीच्या जागी दिसला तर जाब कुणाला विचारायचा, हे त्यांना ठाऊक आहे. फूलबाजारात मी पुन्हा जातो तेव्हा हवालदार बदललेला असतो आणि कार्डाची विचारणा पुन्हा होते. मी ओळखपत्र काढेपर्यंत मावशी ढिगाआडून ओरडतात, "अहो, तो आमचा फोटोवाला आहे. नंबर आहे माझ्याकडे त्याचा."